वाशिष्ठीचं पाणलोट क्षेत्र कुठे संपतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भूगोलाच्या पदवी प्रकल्पासाठी वाशिष्ठी नदी घेतली आहे. टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) पाणलोटाची, म्हणजे ज्या भागातलं पाणी नदीत येतं त्या भागाची, सीमा काढताना विद्यार्थ्याने सह्याद्रीच्या धारेवर रेघ थांबवली. मार्गदर्शकांनी विचारलं, "मग मे महिन्यात चिपळूणच्या पुलाखालून वाहतं ते पाणी कुठलं?" ते पाणी कोयनेचं आहे आणि बोगद्यातून येतं, हे विद्यार्थ्याला माहीत आहे. तर मग कोयनेचं खोरंही सीमेच्या आत घ्यायचं का? आणि चिपळूणचे पूर या पाण्यामुळे येतात का?

रेघ धारेवरच ठेवा. कोयनेचं खोरं आत ओढू नका. मात्र बोगदे जिथे धारेखालून जातात तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे एक ठळक बाण काढा आणि त्याच्याशेजारी 'वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत' असं लिहा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). तो बाण नसेल तर तुमचा नकाशा पावसाळ्यापुरता बरोबर आहे. उन्हाळ्यातली वाशिष्ठी त्यातून कळणार नाही, आणि मार्गदर्शक विचारताहेत ते तेच.

आता सविस्तर. मी तीस वर्षं भूजल सर्वेक्षणात काढली. त्यातली निम्मी रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांत गेली, म्हणजे याच धारेच्या दोन्ही अंगांना. त्यामुळे या नदीबद्दल बोलताना मी थोडा लांबतो, तेवढं समजून घ्या.

वाशिष्ठी चिपळूण तालुक्यातल्या दसपटीच्या डोंगरात, तिवऱ्याच्या अंगाने उगम पावते. २०१९च्या २ जुलैच्या रात्री जे मातीचं धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, ते याच तिवऱ्याचं. इथे सह्याद्रीचा माथा ९०० मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही उंच आहे. चिपळूण शहर मात्र समुद्रसपाटीपासून १० मीटरच्या आतबाहेर आहे, आणि या दोघांमधलं सरळ अंतर आहे २० किलोमीटरच्या आसपास. चिपळूणपासून पुढे दाभोळला समुद्रापर्यंत खाडी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वळणं घेत जाते, आणि त्या अख्ख्या अंतरात उतार असतो उरलेल्या काही मीटरचा. नदीचा उभा छेद काढलात तर तो जिन्यासारखा दिसणार नाही. भिंत आणि तिच्या पायथ्याशी अंगण, असा दिसेल. चिपळूण बरोबर त्या दोघांच्या सांध्यावर वसलेलं आहे. ही एक गोष्ट नीट कळली की वाशिष्ठीचं अर्धं वागणं कळतं.

भिंतीच्या पलीकडे कोयना आहे. ती महाबळेश्वरला उगम पावते आणि धारेला समांतर अशी ६०-६५ किलोमीटर सरळ दक्षिणेकडे जाते. हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून ते पाणी आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात पोचतं. कृष्णेची एकूण लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. म्हणजे धारेवर पडलेल्या सरीतला एक थेंब पश्चिमेला घसरला तर भरपावसात दिवसभरात अरबी समुद्राच्या जवळ जातो. त्याच्या शेजारचा थेंब पूर्वेला वळला तर त्याला सगळं दख्खन पार करावं लागतं.

ही धार नकाशावर दिसते तितकी प्रत्यक्षात सोपी नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी ४७ जी मालिकेतल्या शीटवर कुंभार्ली घाटाच्या वरच्या भागाचं पाणलोट आखत होतो. त्या नकाशांवर समोच्च (समान उंची जोडणाऱ्या) रेषांचं अंतर २० मीटर. माथ्यावर एक सपाट पट्टा होता आणि दोन रेषांमध्ये काय चाललंय ते कागदावर कळत नव्हतं. मी अंदाजाने एक ओघळ कोकणात टाकला. नंतर पावसाळ्यात तिथे गेलो तेव्हा म्हशी चारणारा एक वयस्क धनगर भेटला. मी नकाशा उलगडून त्याला ओघळ दाखवला. तो नकाशाकडे न बघता म्हणाला, "सायेब, ह्यो ओघळ कोकणात न्हाई जात. त्या जांभळीपातूर जातोय आन् मंग धरणाकडं वळतोय. म्हशी पाण्यामागनं जात्यात, आमाला ठावं हाय." मी त्याच्याबरोबर चालत गेलो. जांभळीच्या पुढे हातभर उंचीचा एक उंचवटा होता आणि पाणी खरंच पूर्वेला वळलेलं होतं. शीटवर खाडाखोड करून मी रेघ हलवली. तेव्हापासून माथ्यावरच्या सपाटीची सीमा पावसात पायी पाहिल्याशिवाय पक्की करायची नाही, हा नेम मी पाळला. आता उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवरून संगणक दोन मिनिटांत पाणलोट काढून देतो. त्याचा वापर जरूर करा, पण सड्यांवर (कोकणातल्या खडकाळ पठारांवर) आणि घाटमाथ्याच्या सपाटीवर तो माझ्यासारखाच चुकतो.

जमलं तर वासोट्यावर जा. बामणोलीहून होडीने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून वर चढावं लागतं. जंगल अभयारण्यात येतं, त्यामुळे वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. किल्ल्याच्या पश्चिम कड्यावर उभं राहिलात की खाली हजारभर मीटरवर कोकण दिसतं, खेड तालुक्यातलं चोरवणे तिथेच पायथ्याशी आहे. पाठ फिरवली की शिवसागराचं पाणी. पश्चिमेचे ओढे शेवटी जगबुडीत जातात आणि जगबुडी दाभोळ खाडीत. पूर्वेचे ओढे धरणात. आणि धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघराकडे उतरून वाशिष्ठीत, म्हणजे पुन्हा त्याच दाभोळ खाडीत. निसर्गाने ज्या दोन थेंबांना दोन समुद्रांकडे धाडलं, ते आपण एकाच खाडीत आणून सोडले आहेत. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा गाभा हाच असायला हवा.

याला एक भूशास्त्रीय बाजू आहे आणि ती मला फार भावते. सह्याद्रीचा हा कडा बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. पश्चिमेच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, पाऊसही त्यांच्याच अंगावर जास्त. त्यामुळे त्यांचे उगम कड्यात मागे मागे खणत जातात, आणि धार अगदी सावकाश पूर्वेला सरकते. कोयनेचं खोरं तर या कड्याला अगदी लगटून आहे. मधली भिंत काही ठिकाणी जेमतेम काही किलोमीटर जाडीची. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही नदीचौर्य वाचलं असेल, एका नदीने मागे खणत जाऊन दुसरीचं पाणी पळवणं. लाखो वर्षं अशीच झीज चालत राहिली तर वाशिष्ठी कधीतरी कोयना पळवेल, असं ही भूमी बघून वाटतं. ते काम आपण १९६२ साली बोगदे खणून करून टाकलं.

महाराष्ट्रात हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही वीजघरं १९१५ ते १९२७ या काळात सुरू झाली. तीही भीमा खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला सोडतात. पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका बारमाही झाल्या त्या यामुळे. कोलाडला कुंडलिकेत उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं तेही याच पाण्यावर. मुळशीच्या लोकांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो याच योजनेतल्या धरणाखाली जमिनी बुडण्याविरुद्ध होता. प्रकल्पात तुलनेसाठी एखादी नदी घ्यायची असेल तर कुंडलिका घ्या.

आता कोयनेचा हिशोब. धरण १०३ मीटर उंच, साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २.८३ कोटी घनमीटर. पाणी जलाशयातून बोगद्याने निघतं आणि सुमारे पाचशे मीटर खाली उतरतं. वीजप्रकल्पाचा पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा चालवून ते कोळकेवाडीच्या छोट्या जलाशयात जमा होतं. तिथून तिसरा टप्पा चालवतं आणि अवजलाच्या (वीज काढून झालेल्या पाण्याच्या) कालव्याने वाशिष्ठीत येतं. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजघर धरून एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडलं, ते 'लेक टॅपिंग' तुम्ही ऐकलं असेल. २०१२ साली ते दुसऱ्यांदा केलं. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने कोयनेचं किती पाणी पश्चिमेला वळवता येईल याची वार्षिक मर्यादा घातली. ती ६७.५ टीएमसी.

हा आकडा नुसता लिहून पुढे जाऊ नका, त्याची नदी करून बघा. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. वर्षाच्या सेकंदांनी भागलं तर सेकंदाला साधारण ६० घनमीटर. वळवलेलं पाणी न मिळणारी कोकणातली कुठलीही नदी मे महिन्यात याच्या जवळपासही नसते. बहुतेकींत त्या वेळी डोहांपुरतं पाणी उरतं, मध्ये कोरडे गोटे. पण हे ६० घनमीटर सरासरी आहेत. कोयनेची वीज मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी वापरतात, त्यामुळे नदी दिवसभर एकसारखी वाहत नाही. काठावर बसून एका खडकावर खडूने खूण करा आणि दर अर्ध्या तासाला बघा. पाऊस नसतानाही पाणी खुणेच्या वर जातं आणि पुन्हा उतरतं. विद्यार्थ्यांना मी हे प्रात्यक्षिक नेहमी द्यायचो. दोन दिवसांच्या नोंदीतून नदीची नाडी कागदावर उमटते.

इतका पाऊस पडूनही कोकणातल्या नद्या का आटतात, हे इथेच सांगतो, कारण वाशिष्ठीचं वेगळेपण त्यातून उठून दिसतं. चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. कोयनानगरला पाच हजारांच्या घरात. कऱ्हाडला मात्र सातशेच्या आसपासच. कोकणातला हा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो आणि जमिनीला तो धरून ठेवता येत नाही. खालचा बेसॉल्ट कठीण, भेगांत मावेल तेवढंच पाणी घेणारा. सड्यांवरचा जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पटकन पितो. पण त्याच्या खाली चिकण थर लागतो आणि तिथून ते पाणी झऱ्यांवाटे तितक्याच लवकर बाहेर पडतं. डिसेंबरपर्यंत झरे चांगले चालतात, मार्चपर्यंत बारीक होतात, एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांना टँकर लागतो. खाली पुलाखालून सेकंदाला साठ घनमीटर वाहत असताना दोनशे मीटर वरच्या वाडीत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की 'समुद्रात वाया जाणारं पाणी' हे वाक्य ऐकलं की मला त्या वाड्या आठवतात. अवजल मुंबईकडे नेण्याचे प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहेत. माझं मत विचाराल तर आधी वाशिष्ठीच्या काठापासून दहा किलोमीटरच्या आतल्या वाड्यांपर्यंत ते उचलून न्यावं. मग पुढचं बोलावं.

आता पूर. तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत नाजूक भाग, कारण २२ जुलै २०२१ला चिपळुणात जे झालं ते लोकांच्या अंगावर आहे. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. २००५च्या जुलैतही मोठा पूर आला होता, पण जुनी माणसंही म्हणतात की २०२१सारखं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दोन दिवसांत धारेच्या दोन्ही बाजूंना दरडी कोसळल्या: कोकणात महाडजवळ तळीये, खेडजवळ पोसरे, पलीकडे पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव. महाबळेश्वरला २४ तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस नोंदला गेला. या भिंतीच्या संपूर्ण माथ्यावर त्या रात्री ढग अडून राहिले होते.

कोळकेवाडीतून पाणी सोडल्यामुळे शहर बुडालं, असं चिपळुणात बरेच जण मानतात. सरकारी बाजू म्हणते की पूर पावसाचा होता. तुम्ही दोन्ही लिहा आणि आकडा मांडा. १०० चौरस किलोमीटरवर २४ तासांत ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला तर ३ कोटी घनमीटर होतात, एक टीएमसीहून थोडे जास्त. सरासरी काढली तर सेकंदाला जवळपास ३५० घनमीटर. दुसरीकडे कोयनेचे पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॉट पूर्ण भाराने चालले, तर पाचशे मीटरच्या उतारावर माझ्या ढोबळ हिशोबाने तेही सेकंदाला साडेतीनशे घनमीटरच्याच आसपास पाणी सोडतील. म्हणजे पूर्ण भारावरची कोयना ही शंभर चौरस किलोमीटरवरच्या अतिवृष्टीएवढी आहे. चिपळूणच्या वरचं नैसर्गिक पाणलोट याच्या काही पट मोठं आहे आणि पाऊस चोवीस तासांत सारखा वाटून पडत नाही, तीन-चार तासांत तोंड फुटल्यासारखा येतो. तेव्हा पुराचा मुख्य वाटा पावसाचाच. पण नदी काठोकाठ असताना वरून आलेला प्रत्येक घनमीटर बाजारपेठेत शिरतो. म्हणून अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या काळात वीजनिर्मिती थांबवावी, ही लोकांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. कोळकेवाडीचं तळं लहान आहे, त्यात फार काळ काही अडवून ठेवता येत नाही. थांबवायचं तर वरूनच थांबवावं लागतं.

पुराचा दुसरा धनी समुद्र आहे आणि त्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर जाऊन बसा. भरतीच्या वेळी पाण्यात पडलेलं पान थबकतं, जागच्या जागी फिरतं आणि मग हळूहळू वर, चिपळूणच्या दिशेने निघतं. समुद्र इथून चाळीसेक किलोमीटर दूर आहे आणि तरी त्याचा श्वास इथे पोचतो. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा वाशिष्ठी पार पुढे वाहत जायची. नंतर समुद्र वर चढला आणि तिची दरी बुडाली. ती बुडालेली दरी म्हणजे दाभोळची खाडी. दाभोळ बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात गाजलं ते या खोल, आतवर शिरलेल्या पाण्यामुळे. मालाची गलबतं त्या काळी गोवळकोटपर्यंत यायची. पण याच खाडीमुळे डोंगरातून आलेल्या पुराला उतरायला वाट राहत नाही. या किनाऱ्यावर उधाणाची भरती अडीच-तीन मीटरची असते. २०२१ साली २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती, म्हणजे पूर आला तो उधाणाच्या तोंडावर. भरतीचे तक्ते आणि पुराच्या वेळा एकाच आलेखावर मांडा. तुमच्या प्रकल्पातलं सर्वांत चांगलं पान तेच होईल.

उरलं ते गाळ आणि बांधकाम. भिंतीवरून आलेले गोटे, वाळू, माती अंगणात आल्यावर वेग संपतो आणि तिथेच बसते. पात्रात बेटं तयार होतात, त्यांवर झाडं उगवतात आणि मग ती हलत नाहीत. पुरानंतर लोकांनी उपोषण करून गाळ काढायला लावला, हे योग्यच झालं. पण वरच्या उतारांवर झाडतोड आणि रस्ते चालू राहिले तर तोच गाळ दर काही वर्षांनी काढावा लागेल. शहरात शिव नदीच्या काठाने एक चक्कर मारा. कुठे भराव आहे, कुठे पुलाच्या कमानी बुजल्या आहेत, त्याचे फोटो काढा. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन्ही नकाशावर काढा आणि पेठमाप, मुरादपूर, बाजारपेठ त्यांच्या कुठे येतात ते दाखवा.

खाडीच्या खालच्या भागासाठी एक दिवस राखून ठेवा. चिपळूणच्या खाली मगरी ओहोटीला गाळाच्या मळ्यांवर ऊन खात पडलेल्या दिसतात, वर्षभर टिकणाऱ्या गोड्या पाण्यामुळे खारेपणा खाली रेटला जातो त्याचा त्यांना फायदाच होत असणार. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं सांडपाणीही याच खाडीत उतरतं आणि मासे मरून वर आल्याच्या घटना काठावरच्या भोई समाजाने वर्षानुवर्षं सोसल्या आहेत. त्यांच्याशी बोलताना वही बंद ठेवा, आधी ऐका. कुठल्या महिन्यात कुठवर पाणी खारं लागतं हे ते जिभेवरून सांगतात. तुम्ही क्षारतामापक घेऊन जाणार असाल तर गोवळकोटपासून दाभोळपर्यंत पाच-सहा ठिकाणी, एकाच दिवशी, भरतीच्या टोकाला आणि ओहोटीच्या टोकाला असं दोनदा मोजा. धोपावे-दाभोळ फेरीबोटीवरून शेवटचं माप घेता येईल.

नकाशाबद्दल एवढंच: नैसर्गिक सीमा अखंड गडद रेषेत, तिच्या आत जगबुडीचं उपखोरं वेगळ्या रंगात. शिवसागरात येणारं कोयनेचं खोरं तुटक रेषेत, आणि सूचीत त्याला 'कृष्णा खोऱ्यातून वळवलेल्या पाण्याचं क्षेत्र' असं नाव द्या. दोन्हींचं क्षेत्रफळ कधीही बेरीज करून लिहू नका, कारण एकातलं पाणी उताराने येतं आणि दुसऱ्यातलं माणूस झडप उघडेल तेव्हा. माथ्यावरच्या सपाटीचा भाग तूर्त पेन्सिलीनेच ठेवा आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर कुंभार्लीच्या वर एकदा चालून या.